शेपूट-चाप आणि हौसाक्काचा शब्द

मंडळी, ऐका. पेटी जरा थांबू द्या, झांजा मांडीवर ठेवा. आणि त्या खांबाला टेकलेल्या काकांना उठवू नका — झोपू दे, फक्त घोरणं माझ्या सुरात ठेवा म्हणावं.

आज पोथी उघडत नाही. आज नुसता एक प्रश्न मांडतो. तुमच्याकडं एक वस्तू आहे. स्वतःच्या डोक्यानं काढलेली, स्वतःच्या हातानं घडवलेली. चोख आहे, लोकांच्या उपयोगाची आहे. पण घेतंय कोण? पेपरात छापायला पैसा नाही, टीव्हीवर नाचवायला नटी नाही. मग ती चांगली वस्तू खपावी म्हणून थोडंसं — अगदी चिमूटभर — खोटं वागलं, तर चालेल का?

हां! पुढच्या रांगेतल्या माना आडव्या हलल्या. पुढची रांग नेहमीच पुण्यवान असते. तिकडं उजव्या बाजूला दुकानदार मंडळी बसलीत, त्यांची मान काही हलली नाही. ते म्हणताहेत, "महाराज, चिमूट म्हणजे नक्की केवढी?"

तर त्या चिमटीचंच हे आख्यान.

बोरजाई नावाचं गाव. उंबरे तीनशे आणि म्हशी साडेचारशे. म्हणजे उद्या ग्रामसभा म्हशींनी घ्यायची ठरवली, तर ठराव त्यांचाच पास होणार! सकाळी सहाला सगळं गाव डेअरीच्या दारात. हातात किटल्या, कानाला मफलर. दूध मापायचं, थोडं त्या यंत्राखाली धरायचं, आणि मग सगळ्यांनी श्वास रोखून काचेकडं बघायचं. काचेवर फॅट उमटते. फॅट म्हणजे दुधातली मलई हो — पण बोरजाईत मलई म्हटलं तर कुणाला कळणार नाही. फॅट जास्त तर दर जास्त. ज्याची सात लागली तो ताठ मानेनं चहाला जातो, ज्याची साडेपाच लागली तो मागच्या बोळानं घरी जातो. पाहुणा आला तरी 'बरं हाय का' असं विचारत नाहीत. 'फॅट किती लागतीया?' हाच रामराम!

या गावात महिपती लोहार राहायचा. चाळिशीचा, किडकिडीत, मिशीला कायम ठिणगीचा वास. बाप-आजा विळे-खुरपी घडवत गेले. पण याच्या डोक्यात किडा! एकदा त्यानं कोंबड्यांचं खुराडं केलं — कोंबडीनं अंडं घातलं की घंटा वाजणार. घंटा वाजली. कोंबडी असली दचकली, की पुढं महिनाभर तिनं अंड्याचं नाव घेतलं नाही. गाव पोट धरून हसलं. गावाचं काय जातं हसायला?

पण यावेळचं काम निराळं होतं. त्याची बायको शेवंता रोज पहाटे धारेला बसायची. आता ज्यांनी म्हशीची धार काढलीय त्यांना सांगायला नको. दोन्ही हात कासेला गुंतलेले, किटली गुडघ्यात धरलेली, आणि मागनं ती शेणानं भरलेली ओली शेपूट — सप्पकन् तोंडावर! चुकवायची सोय नाही, पुसायची सोय नाही. वर म्हैस अशी शांत उभी, जणू मी त्या गावचीच नाही. एके दिवशी शेपटीचा फटका शेवंताच्या डोळ्यात बसला. आठ दिवस डोळा लालभडक, पाणी गळतंय, पण धार चुकली नाही बाईची. एक डोळा मिटून काढत होती. ते महिपतीनं बघितलं. भात्याजवळ जाऊन बसला.

दोन महिने ठोकाठोक केली. आणि एक चाप तयार झाला. पातळ पट्टीचा, आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर, म्हणजे जनावराला रुतायला नको. एका बाजूनं शेपटीचा गोंडा धरायचा, दुसऱ्या बाजूचा हूक म्हशीच्या मागच्या पायाला अलगद अडकवायचा. धार काढून झाली की बोटानं दाबायचं — सुटला! शेवंतानं पहिल्या दिवशी लावला, धार काढली, उठली, पदरानं तोंड पुसायला गेली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की तोंड पुसायला काही लागलेलंच नाही.

"व्हय वो," ती म्हणाली, "हे मातुर गुणाचं केलंसा."

मंडळी, लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढी स्तुती पहिल्यांदा! महिपतीला वाटलं, आता हा चाप गावोगाव जाणार. बायकांचे डोळे वाचणार, आणि कोंबडीची घंटा लोक विसरणार.

आता खपवायचा कसा? भिंतीवर गेरूनं लिहिलं — 'शेपूट-चाप वापरा, तोंड वाचवा. — महिपती लोहार.' दिवस निवडणुकीचे. लोक विचारायला लागले, हा कुठल्या वॉर्डातून उभा आहे? दोघांनी तर मत द्यायचं कबूलही केलं.

मग म्हणाला, दाखवल्याशिवाय कळायचं नाही. बाजाराच्या दिवशी म्हैस घेऊन चौकात बसला. आधी चाप न लावता धार काढायची, लोकांना फटका दाखवायचा. मग चाप लावून, फटका नाही ते दाखवायचं. प्रामाणिक प्रयोग! म्हशीनं पहिला फटका दिला — सप्प! शंभर माणूस गोळा झालं. दुसरा फटका — सप्प! शिट्ट्या. महिपतीनं शेणानं माखल्या तोंडानं चाप लावला आणि म्हणाला, "आता बगा!" आणि बघायला कुणी थांबलंच नाही. फटका बसणार नाही तर बघायचं काय? एक जण जाता जाता म्हणाला, "चाप काड की, परत एकदा मारू दे तिला."

नंतर जे एकेक जण आले, त्यांनी चाप हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्येनं फॅट वाढती का?"

"न्हाई," महिपती म्हणाला. "फॅटीचा आणि ह्येचा काय संबंध? तोंडावर शेपूट बसत न्हाई."

"तोंड काय, धुतलं की झालं."

हे बघा! बायकोचं तोंड. धुतलं की झालं. तिसरा, चौथा, विसावा — प्रत्येकाचा तोच प्रश्न. 'फॅट वाढती का?' प्रत्येकाला तो 'न्हाई' म्हणाला. खरं तेच बोलला. एक चाप खपला नाही. मंडळी, खरं बोलून हात रिकामा राहिला, की माणसाचा जीव किती कडू होतो, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. मी महिपतीला हसतोय, पण त्या संध्याकाळी म्हैस घेऊन घरी परतताना त्याच्या डोळ्यात पाणी होतं.

पुढच्या बाजारी पुन्हा एकानं विचारलं, "फॅट वाढती का?" आणि यावेळी महिपती 'न्हाई' म्हणाला नाही. 'व्हय'ही म्हणाला नाही. नुसता मिशीतनं हसला. तो माणूस चाप घेऊन गेला!

चिमूट विचारत होता ना मघाशी? ही चिमूट. तोंड उघडलंसुद्धा नाही, आणि खोटं बोलून झालं.

आता या माणसाच्या डोक्यात कल्पना शिरली. आपण सांगितलं तर कोण ऐकणार? आपण घंटावाले. सांगायला असा माणूस पाहिजे, की ज्याचा शब्द गावानं कधी उलटून बघितला नाही. आणि बोरजाईत असं एकच माणूस होतं — हौसाक्का.

सत्तरीची विधवा, एक म्हैस, एक पत्र्याचा गोठा. आणि शब्द असा, की तलाठ्याचा उतारा एकीकडं आणि हौसाक्काचं 'हाय' एकीकडं. तिच्या सख्ख्या लेकानं शेजाऱ्याच्या बांधावर दोन हात नांगर घातला होता. पंचांनी आक्काला विचारलं. लेक डोळ्यानं खुणावतोय, सून पदर चावतीया, आणि म्हातारी म्हणाली, "बांध हितं न्हवता. तितं होता." लेक वर्षभर बोलला नाही. पण त्या दिवसापासनं बोरजाईत बांधाचं भांडण कोर्टात गेलं नाही. आक्का 'हाय' म्हणाली की हाय, 'न्हाई' म्हणाली की न्हाई.

महिपतीनं आक्काला एक चाप फुकट दिला. म्हणाला, "आक्का, वापरून बग." आणि दुसऱ्या दिवसापासनं दुपारी, आक्का भांगलायला रानात गेली, की हा मागच्या कुडातनं तिच्या गोठ्यात शिरायचा. हातात बादली. बादलीत भिजवलेली सरकी पेंड!

आक्काच्या म्हशीचं नाव मोगरी. रंगानं डांबर, पण नाव मोगरी. जन्मभर कडबा आणि बांधाचं गवत खाल्लेली. तिच्यापुढं सरकी पेंड आली! पहिल्या दिवशी तिला खरंच वाटेना. हुंगलं, महिपतीकडं बघितलं, पुन्हा हुंगलं. तिसऱ्या दिवशी त्याचं पाऊल वाजलं की हंबरायला लागली. हा म्हणतोय, "श्श! श्श, मोगरे!" म्हशीला श्श कळतं होय?

आता तुम्ही सगळे जाणते आहात. म्हशीला पेंड घातली की काय होतं? सहा पॉइंट दोनची सहा पॉइंट सात झाली. मग सात झाली. दहाव्या दिवशी काचेवर सात पॉइंट तीन! सगळी रांग पुढं सरकली.

"आक्के, काय केलंस गं?"

"काय न्हाई बया," आक्का म्हणाली. "त्यो म्हैपतीचा चाप तेवढा लावतीया."

काय खोटं बोलली? काहीच नाही! चाप लावत होती, हे खरं. दुसरं काही केलं नव्हतं, हेही खरं. तिचं बोलणं शंभर नंबरी, आणि त्यातनं बाहेर पडलं ते निव्वळ खोटं. मंडळी, नीट बघा हं ही कारागिरी. महिपतीनं म्हातारीला खोटं बोलायला सांगितलं नाही. त्यानं तिच्या गोठ्यात जे खरं होतं, तेच बदलून ठेवलं.

आणि मग काय विचारता! भाता रात्रंदिवस. चाप संपले, पट्टी संपली, गावातल्या सायकलींच्या ट्यूबा संपल्या. दोन पोरांच्या चालू सायकली बसल्या जागी पंक्चर निघाल्या — त्याबद्दल मी बोलत नाही. दर सकाळी बोरजाईच्या म्हशी मागचा पाय आणि शेपूट जोडून अशा उभ्या, जणू फोटो काढायचा आहे!

घरात मात्र शेवंता पोती मोजत होती. एके दिवशी म्हणाली, "सरकी पेंडीचं पोतं कुटं जातंय वो? आपली म्हस तर कडबा खातीया."

"जाहिरातीला लागतीया."

"पेंड?"

"तुला न्हाई कळायचं."

तिला सगळं कळलं होतं. बायकांना कळत नसतं, असं फक्त नवऱ्यांना वाटत असतं.

पंधरा दिवस झाले. इतरांची फॅट काही हलेना. लोक महिपतीकडं आले. आता खोट्याची एक खोड असते — ते एकटं राहत नाही, पोरंबाळं काढतं. पहिल्याला महिपती म्हणाला, "धीर धरा, म्हशीच्या अंगी लागाय पायजे." दुसऱ्याला म्हणाला, "डाव्या पायाला बांदा." तिसरा डाव्याच पायाला बांधत होता, त्याला म्हणाला, "उजव्या." आणि चौथा म्हणजे साक्षात डेअरीचे चेअरमन, हिंदुराव. मोठं पोट, मोठा आवाज. ते काही विचारायला आले नाहीत, ते स्वतःच शोध लावून आले. "धारंच्या येळंला एवढीशी शेपूट बांदून एवढी फॅट वाढती, तर दिवसभर बांदली तर किती वाढंल?"

महिपतीनं म्हणायला पाहिजे होतं, की असं करू नका, जनावराला माशा हाकायला देवानं एक शेपूट दिलीय. पण मग पुढचा प्रश्न आला असता. तो मिशीतनं हसला.

गावभर बोलबाला झाला — चेअरमन दिवसभर बांधतात! सगळ्यांनी दिवसभर बांधली. माशा, गोमाशा, तांबू — सगळ्यांना आवतण! म्हशी थरथरताहेत, पाय आपटताहेत, दूध चोरून धरताहेत. फॅट राहू दे, दूधच घटलं. मुकी जनावरं, मंडळी. त्यांनी कुणाकडं तक्रार करायची?

त्यांच्यातली एक गेली तक्रारीला. हिंदुरावांचीच! दाव्याला हिसका दिला, खुंटी उपटली आणि चाप लावल्या पायानं लंगडत, उड्या मारत, सकाळच्या वेळी थेट डेअरीत शिरली. चाळीस-चाळीस लिटरचे कॅन धडाधडा आडवे. गावाचं दूध रस्त्यावर, कुत्र्यांची दिवाळी, आणि फॅटचं यंत्र चेअरमनच्या म्हशीच्या पायाखाली. त्या दिवशी कुणाचीच फॅट लागली नाही.

संध्याकाळी खंडोबाच्या देवळापुढं गाव जमलं. आता लोक चिडले कुणावर? महिपतीवर? नाही! त्याला काय म्हणणार — फॅट वाढते असं तो तोंडानं कधी म्हणालाच नव्हता, नुसता हसला होता. लोक चिडले हौसाक्कावर.

"हिच्या शबुदावर घेतला!"

"म्हातारी चोरून पेंड घालत असणार."

हिंदुराव म्हणाले, "लोहाराकडनं कमिशन खाल्लंय आक्कानं. उगं एवडी कशाला वानती?"

कमिशन! ज्या बाईनं पोटच्या लेकाची बाजू घेतली नाही, तिला. आक्का मोगरीला घेऊनच आली होती, गावानं डोळ्यानं बघावं म्हणून. तिचा आवाज फक्त जरा खाली आला. म्हणाली, "ही म्हस. हा चाप. माझ्या घरात पेंडीचा कण न्हाई. जाऊन बगा."

आणि एवढ्यात मोगरीला गर्दीत महिपती दिसला.

काय ते हंबरणं! दावं ओढत, माणसं बाजूला सारत ती सरळ त्याच्याकडं गेली, त्याच्या सदऱ्यात तोंड घातलं, हात चाटले, खिसा चाटला, मान अशी घासली की महिपती मागच्या पायरीवर बसला. गाव थक्क. हिंदुरावांच्या भुवया वर. "का रं म्हैपती? हौसाक्काची म्हस तुला कशी वळकती?"

संपलं! सापडला! असं तुम्हाला वाटतंय. महिपतीलाही तसंच वाटलं. पण त्याला वाचवायला कोण आलं ठाऊक आहे? हौसाक्काच आली.

"वळकंल न्हाई तर काय," ती म्हणाली. "मुक्या जनावराला माणसाचा गुण कळतो. तिच्या शेपटीचं, माझ्या डोळ्याचं भलं केलंय त्येनं."

मंडळी, बसला होता ना पायरीवर, तिथंच त्याला ते लागलं. म्हशीची शेपूट कधी लागली नव्हती इतकं लागलं. ज्याच्यामुळं तिच्या तोंडावर गाव थुंकतंय, त्याच्याचसाठी ती साक्ष देत होती! तरी उठला नाही बरं का. माणूस आहे. मनात म्हणाला, जाईल हे वादळ. आणखी आठ दिवस पेंड घालू, आक्काची फॅट सातच लागत राहील, ती खरी ठरेल, माझा चापही राहील. सगळ्यांचंच भलं!

ऐकलंत? पापाला पुण्याचा सदरा कसा बेतून शिवता येतो!

वस्तू होती सोन्याची, जीभ झाली पितळी।
गिऱ्हाइकानं जिभेवरनंच पारख केली सगळी॥

वाजवा हो बुवा, एवढंच वाजवा. पुढं वाजवायचं नाही.

कारण हौसाक्का देवळाच्या पायरीशी गेली आणि गुरवाला म्हणाली, "बेलभंडार आण."

बसलेलं गाव उभं राहिलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताटात बेलाचं पान, पानावर देवाचा भंडारा, हळद. ते उचलून जे बोललं ते देवाच्या पुढ्यात बोललं. खोटं बोलून उचललं तर घरादाराला लागतं, असं मानणारी ती माणसं. बोरजाईत वीस वर्षांत कुणी बेलभंडार उचलला नव्हता, कारण आक्काचं 'हाय' पुरत होतं. आज आक्काचंच 'हाय' पुरेना.

गुरवानं ताट पुढं धरलं. आक्कानं पदर सारखा केला, डोळे मिटले. म्हणाली, "देवा खंडेराया, माझ्या मोगरीच्या तोंडाला ह्या महिन्यात पेंडीचा कण लागला असंल, तर माझ्या दावणीला पुन्ना जनावर उभं ऱ्हाऊ नगं..." आणि तिनं हात पुढं केला.

खोटी शपथ! उभ्या जन्मात खोटं न बोललेली बाई, देवाच्या दारात खोटी शपथ घ्यायला निघालेली, आणि तिला ठाऊकसुद्धा नाही. आणि ज्यानं हे घडवलं, तो माणूस पायरीवर बसलेला. एका बाजूला त्याचा शोध, त्याचा भाता, मागं घंटा म्हणून हसणारं गाव. दुसऱ्या बाजूला म्हातारीचा तो हात, पानापासनं चार बोटांवर.

तुम्ही काय केलं असतं? नका सांगू. देवळात बसलोय.

महिपती उठला आणि धावला. त्यानं ताटच हिसकावलं. भंडारा उडाला, गुरव पिवळा, आक्का पिवळी, मोगरीचं नाक पिवळं.

"आक्का, हात मागं घे," तो म्हणाला. "लागलीया. पेंड लागलीया तिच्या तोंडाला. मी घातली. रोज दुपारी, तू रानात गेल्यावर."

मग सगळं सांगितलं. पेंड, कुडातली वाट, डावा पाय, उजवा पाय, मिशीतलं हसणं. गाव ऐकत होतं. कुणी हात उगारला नाही, कारण आक्का काय म्हणते ते ऐकायचं होतं.

आक्का पायरीवर बसली. मोगरीच्या नाकावरचा भंडारा पदरानं पुसला. मग म्हणाली, "म्हैपती, शेवंताचा डोळा वाचला का न्हाई त्या चापानं?"

"वाचला."

"माझ्या तोंडावरबी शेपूट बसली न्हाई. एवडंच सांग म्हणाला असतास, तर चार गावं हिंडून सांगितलं असतं मी. फुकट सांगितलं असतं."

तिनं मोगरीच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हशीला चारलंस त्याचं काय न्हाई रं. तिला चांगलंच लागलं. पर तू मलाबी चारलंस. तुझं बोलणं माझ्या तोंडात घातलंस, आणि मला चवसुदीक कळू दिली न्हाईस."

एवढं बोलली, दावं धरलं आणि मोगरीला घेऊन घरी गेली. मोगरीनं तीनदा मागं वळून बघितलं. तिचा बिचारीचा राग कशावर नव्हता, तिची पेंड बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी महिपती घरोघर गेला. चाप परत द्या, दाम परत घ्या. आणि मंडळी, गंमत बघा — निम्म्या घरांनी चाप दिलाच नाही! हिंदुराव सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, शिव्या घातल्या, आणि शेवटी हळू आवाजात म्हणाले, "चाप ऱ्हाऊ दे. घरात धार मीच काडतोय सध्या." तोंड धुतलं की झालं म्हणणारं गाव! स्वतःच्या तोंडावर आली तेव्हा कळलं.

पुढल्या बाजारी महिपती पुन्हा चौकात बसला. शेजारी फळीवर गेरूनं लिहिलेलं — 'ह्यानं फॅट वाढत नाही. शेपूट तोंडावर बसत नाही. धार झाली की सोडा.' लोक आधी हसले. असली जाहिरात कुणी बघितली होती? वस्तूनं काय होत नाही, ते आधी! पण त्या हसण्यातनंच एक बाई पुढं आली, आणि मग तिची जाऊ. भाता पुन्हा पेटला. पहिल्यासारखा रात्रंदिवस नाही. जेवणापुरता, आणि झोप लागण्यापुरता.

इथं आख्यान संपलं असतं तर मी पेढे वाटले असते. पण एक राहिलं.

वर्षानं गावात पुन्हा बांधाचं भांडण निघालं. पंच नेहमीप्रमाणं हौसाक्काकडं गेले. "आक्का, बांध कुटं होता?" आक्का त्यांच्याबरोबर बांधावर गेली. वाकून माती हातात घेतली. आणि म्हणाली, "हितं होता... असं मला वाटतं."

मला वाटतं! साठ वर्षांत हा शब्द त्या तोंडातनं निघाला नव्हता. पंचांनी एकमेकांकडं बघितलं, तशी आक्का म्हणाली, "बाबांनो, माझ्याच गोठ्यात काय चाललं हुतं ते मला कळलं न्हाई. दुसऱ्याच्या बांधाचं छातीवर हात ठिवून कसं सांगू?" ते भांडण कोर्टात गेलं. अजून चालू आहे. महिपती तिथं कडेला उभा होता. त्यानं चाप परत घेतले, दाम परत दिले, देवापुढं कबूल केलं. पण आक्काचं ते 'हाय' कुठल्या भात्यावर घडवून परत द्यायचं, हे त्याला आजपर्यंत सापडलेलं नाही.

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. महिपतीला पापी ठरवून तुम्ही हात झटकू नका. वीस माणसांना तो खरं बोलला होता. 'फॅट वाढती का' हे विचारत कोण होतं? खऱ्याला रिकाम्या हातानं घरी कुणी पाठवलं? आपणच की!

आणि हातासरशी एक सांगतो. मघाशी पेटीवाल्या बुवांच्या हातनं मला एक चिठ्ठी आलीय. आपल्याच गावातले एक गृहस्थ, नाव घेत नाही, त्यांनी घरच्या घरी सांधेदुखीचं तेल तयार केलंय. चिठ्ठीत म्हणतात, 'महाराज, सोबत बाटली पाठवली आहे. आपले गुडघे या तेलानं बरे झाले, एवढंच कीर्तनात म्हणा.' एवढंच! तेल चांगलं असेल हो. वास तर झकास आहे. माणूसही कष्टाचा आहे, त्याचं चार घरांत नाव व्हावं असं मला मनापासनं वाटतं.

पण माझे गुडघे दुखताहेत. आत्ता, या घटकेला, दोन तास उभं राहून दोन्ही दुखताहेत. बाटली ठेवून घेतो, महिनाभर लावतो. दुखणं गेलं तर गेलं म्हणेन. नुसता वासच चांगला निघाला, तर वास चांगला आहे एवढंच म्हणेन.

आणि तुम्ही? या आठवड्यात न वापरलेल्या वस्तूची, न बघितलेल्या गोष्टीची ग्वाही कुणी कुणी पुढं ढकलली, हात वर करा बघू. हात वर होत नाहीत — बरोबर आहे, हातात मोबाईल आहेत.

आज तुमचं 'हाय' ऐकून शेजारी डोळे मिटून पाऊल टाकतो, तोवर ते सांभाळा. एकदा का त्याचं 'मला वाटतं' झालं, की बेलभंडार उचलूनही ते परत येत नाही.

उठा आता, ज्याच्या दारात खोटं टिकत नाही त्याचं नाव घ्या, आणि आरतीला उभे राहा. मला जरा हात द्या कुणीतरी. गुडघे खरंच दुखताहेत.